देवमाशाचा सांगाडा जमिनीवरून पाण्यात कसा गेला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या उत्क्रांतीत सांगाड्याची एवढी मोठी उलथापालथ झाल्याची उदाहरणे थोडी आहेत आणि त्यातही टप्प्याटप्प्याने पुरावा हाती आलेली आणखी थोडी. देवमाशाचे उदाहरण या दोन्ही कसोट्यांवर उतरते. शिवाय या कथेचा सुरुवातीचा जवळजवळ सगळा भाग भारतीय उपखंडातल्या खडकांत सापडला आहे. शाळेच्या पुस्तकांत घोड्याच्या खुराची आकृती वर्षानुवर्षे छापली जाते. देवमाशाच्या घोट्याला तेवढी जागा मिळत नाही, याची खंत वाटते.

देवमासा सस्तन प्राणी आहे, हे नुसत्या हाडांवरून ओळखता येते का?

येते. त्याचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा बनलेला असतो आणि मध्यकर्णात तीन लहान हाडे असतात. ही दोन्ही लक्षणे सस्तन प्राण्यांखेरीज कोणत्याही जिवंत पृष्ठवंशीय प्राण्यात एकत्र आढळत नाहीत. पुढच्या पराच्या कातडीखाली खांद्याचे पाते, दंडाचे हाड, पुढच्या हाताची दोन हाडे, मनगट आणि बोटे असा आपल्याच हाताचा क्रम दिसतो. बोटांच्या पेरांची संख्या मात्र आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त असू शकते आणि कोपराचा सांधा जखडलेला असतो, त्यामुळे आख्खा हात एका ताठ पात्यासारखा वळतो.

देवमाशाचे जमिनीवरचे पूर्वज नेमके कोण होते?

या प्रश्नाचे उत्तर शतकभर बदलत राहिले. डार्विनने १८५९ मध्ये, तोंड उघडे ठेवून पाण्यात पोहत कीटक टिपणाऱ्या अस्वलाचे उदाहरण देऊन अशा प्राण्यापासून देवमाशासारखा जीव घडू शकेल असे सुचवले. त्यावर इतकी टीका झाली की पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो मजकूर कापून टाकला. १८८३ मध्ये विल्यम फ्लॉवर या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने मूळ खूरवाल्या प्राण्यांत शोधावे असे म्हटले, आणि ते अधिक बरोबर निघाले. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड या नामशेष झालेल्या मांसाहारी खूरवाल्या गटाकडे बोट दाखवले आणि पुढची तीसेक वर्षे बहुतेक जीवाश्मतज्ज्ञांनी तेच मत धरून ठेवले.

दरम्यान रेणूंचा अभ्यास करणारे वेगळेच सांगू लागले होते. गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा या समखुरी प्राण्यांच्या गटातच देवमासा बसतो आणि जिवंत प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे, असे डीएनएवरून दिसत होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने डीएनएमध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी स्वतःची प्रत घुसवणाऱ्या तुकड्यांचा मागोवा घेतला. असा तुकडा दोन प्राण्यांत नेमक्या त्याच जागी योगायोगाने घुसण्याची शक्यता नगण्य असते, आणि काही तुकडे फक्त देवमासे आणि पाणघोड्यांमध्येच समान निघाले.

हाडांचे तज्ज्ञ तरीही अडून बसले होते, आणि त्यांचे अडणे रास्त होते असे माझे मत आहे. समखुरी प्राण्यांची खूण घोट्यातल्या ॲस्ट्रॅगॅलस नावाच्या हाडात असते. या हाडाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, म्हणून पाय पुढेमागे सफाईने हलतो पण आडवा वळत नाही. शेळी-मेंढीच्या मागच्या पायाच्या घोट्यातले हे हाड हातात घेऊन पाहिले की दोन्ही खाचा अंगठ्याला स्पष्ट जाणवतात. देवमाशाच्या पूर्वजाचा घोटा मिळेपर्यंत वाद मिटणार नव्हता. तो २००१ मध्ये मिटला : पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात फिलिप गिंगरिच यांच्या गटाला आणि पंजाबात हान्स थेविसन यांच्या गटाला प्राचीन देवमाशांची घोट्याची हाडे मिळाली आणि त्या सर्वांत दुहेरी कप्पी होती. दोन्ही शोधनिबंध एकाच महिन्यात प्रसिद्ध झाले. गिंगरिच स्वतः तोवर मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. हाड हाती आल्यावर त्यांनी आपले मत बदलले.

म्हणजे देवमासा पाणघोड्यापासून उत्क्रांत झाला, असे म्हणायचे का?

नाही. दोघांचा पूर्वज सामाईक होता, तो पाच कोटी वर्षांहूनही आधी होऊन गेला आणि तो दिसायला या दोघांपैकी कोणासारखाही नव्हता. पाणघोडा ज्या रूपात आज दिसतो ते रूप पहिल्या देवमाशांच्या मानाने फार अलीकडचे आहे.

इंडोहायस हे नाव सारखे ऐकू येते. तो काय प्राणी होता?

इंडोहायस हा मांजराएवढा, बारीक पायांचा, खूर असलेला प्राणी होता आणि त्याची हाडे जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट येथे सापडली. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथल्या खडकांचे गठ्ठे गोळा केले होते आणि काही दात-जबड्यांवरून १९७१ मध्ये या प्राण्याला नाव दिले. बाकीचे दगड न फोडताच राहिले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने तो संग्रह जपून ठेवला आणि पुढे थेविसन यांच्या हाती सोपवला. प्रयोगशाळेत दगडातून कवटी मोकळी करताना साफसफाई करणाऱ्या तज्ज्ञाच्या हातून कानाचा भाग तुटला, आणि त्या तुटलेल्या जागी जे दिसले त्याने सगळा विषय नव्याने मांडावा लागला.

मध्यकर्णाला झाकणारे हाड सस्तन प्राण्यांत पातळ भिंतीचे पोकळ कवच असते. देवमाशांत मात्र या कवचाची आतल्या बाजूची कड विलक्षण जाड आणि घट्ट असते. तिला इन्व्होल्युक्रम म्हणतात. जिवंत असोत की जीवाश्म, सगळ्या देवमाशांत ती असते, आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्यात ती आढळली नव्हती. इंडोहायसच्या तुटलेल्या कानात तीच जाड कड होती. २००७ च्या डिसेंबरमध्ये थेविसन, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले.

त्याच्या पायांच्या हाडांचा आडवा छेद घेतल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. एवढ्या चिमुकल्या प्राण्याच्या हाडांच्या भिंती जाड होत्या आणि आतली मज्जेची पोकळी अरुंद होती. पाण्यात वावरणाऱ्या अनेक प्राण्यांत, विशेषतः उथळ पाण्यात तळावरून चालणाऱ्यांत, असे जड हाड आढळते, कारण त्याने शरीर वर तरंगत नाही. दातांच्या रासायनिक तपासणीवरूनही त्याचा बराच वेळ पाण्यात जात असावा असे दिसते. आफ्रिकेत पिसोरीच्याच (हरणासारख्या दिसणाऱ्या, शिंगे नसलेल्या छोट्या प्राण्याच्या) कुळातला एक प्राणी आजही संकट दिसताच पाण्यात उडी मारतो आणि तळाशी चालत लपून राहतो. आपल्या सह्याद्रीतली पिसोरी ज्यांनी पाहिली असेल त्यांना इंडोहायसचा बांधा डोळ्यांसमोर आणणे सोपे जाईल, मात्र इंडोहायसला तिच्यापेक्षा कितीतरी लांब शेपूट होते.

पाकिसेटस पोहत होता का?

थोडाफार. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी १९८१ मध्ये पाकिस्तानातल्या कोहाट भागातल्या कवटीवरून वर्णन केला गेला, आणि फक्त कवटी हाती असल्यामुळे चित्रकारांनी त्याला सीलसारखे पोहणारे शरीर दिले. २००१ मध्ये बाकीचा सांगाडा समजला तेव्हा तो लांब पायांचा, सडपातळ, चार पायांवर नीट चालणारा प्राणी निघाला. त्याचे डोळे कवटीच्या वरच्या बाजूला जवळजवळ होते, म्हणजे तो उथळ गोड्या पाण्यात उभा राहून पाण्याबाहेर पाहत असावा. कानाच्या हाडावरून तो देवमासा ठरतो आणि पायांवरून जमिनीवरचा प्राणी. असे मिश्रण पाहून गोंधळायला होते, पण उत्क्रांतीत शरीराचे सगळे भाग एकाच गतीने बदलावेत असा काही नियम नाही. देवमाशाच्या बाबतीत कान आधी बदलला आणि पाय सर्वांत शेवटी गेले.

त्यानंतरचा अँब्युलोसेटस, ज्याचे वर्णन १९९४ मध्ये झाले, सुमारे तीन मीटर लांब होता. त्याचे मागचे पंजे मोठे होते आणि पाणमांजराप्रमाणे पाठ वरखाली वाकवत, पंजे मागे मारत तो किनाऱ्याजवळ पोहत असावा.

कच्छमध्ये काय सापडले आहे?

कच्छच्या पश्चिम भागात, हरुडी गावाच्या परिसरात इयोसीन काळातल्या (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) उथळ समुद्राचे आणि खाडीचे गाळखडक उघड्यावर आहेत. तिथल्या प्राचीन देवमाशांचे वर्णन १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी प्रथम केले, म्हणजे पाकिसेटस प्रसिद्ध होण्याच्याही आधी. जागतिक लेखनात याचा उल्लेख पुसटच असतो, तो ठळक व्हायला हवा. रेमिंग्टोनोसेटस हा इथला प्रसिद्ध प्राणी. त्याचे तोंड लांब आणि अरुंद, डोळे लहान आणि पाय आखूड होते. कच्छीसेटस हा त्याच कुळातला सर्वांत लहान सदस्य असून त्याची शेपटी लांब आणि बारीक होती.

हे प्राणी समुद्राच्या पाण्यात राहत होते, पण त्यांच्या कमरेचे मणके अजून एकमेकांना जुळून त्रिकास्थी बनलेले होते आणि कटिबंध, म्हणजे मागचे पाय ज्याला जोडलेले असतात तो हाडांचा घेर, त्याला पक्का जोडलेला होता, म्हणजे मागचे पाय अंगाचा भार झेलू शकत होते. दुसरीकडे त्यांच्या अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आधीच लहान झाल्या होत्या, जशा आजच्या देवमाशांत असतात. खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूचे छिद्रही मोठे होत चालले होते. आजच्या दातवाल्या देवमाशांत हे छिद्र प्रचंड असते, त्यात चरबीची गादी बसते आणि पाण्यातला आवाज जबड्यातून थेट कानाकडे पोहोचतो.

वासुकी इंडिकस हा १० मीटरहून लांब असलेला साप, ज्याची घोषणा २०२४ मध्ये झाली, तोही कच्छमधल्याच पानंध्रो लिग्नाइट खाणीतला आणि साधारण त्याच काळातला.

मागचे पाय कधी आणि कसे गेले?

प्रोटोसेटिड नावाच्या कुळात हा बदल घडताना दिसतो. या कुळातल्या काही प्राण्यांत त्रिकास्थीचे मणके सुटे होऊ लागले, कटिबंधाची पकड सैल झाली आणि कणा मागच्या बाजूला अधिक लवचिक झाला. हे प्राणी जमिनीवर येत असत, कदाचित विणीसाठीही. पाकिस्तानात सापडलेल्या मायासेटसच्या एका मादीच्या शरीरात लहान पिल्लाची हाडे होती आणि त्यांची मांडणी पाहून, पिल्लू डोके आधी बाहेर येईल अशा स्थितीत होते, असा अर्थ गिंगरिच यांनी २००९ मध्ये लावला. जमिनीवरच्या मोठ्या सस्तन प्राण्यांचा जन्म असाच होतो. देवमाशाची पिल्ले बहुधा शेपटी आधी बाहेर काढतात. सगळ्यांना हा अर्थ मान्य नाही, पण मला तो पटण्याजोगा वाटतो. पेरूमध्ये सापडलेला चार पायांचा पेरेगोसेटस, ज्याचे वर्णन २०१९ मध्ये झाले, असे दाखवतो की हे प्राणी पाय शाबूत असतानाच महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचले होते.

पुढचा टप्पा बॅसिलोसॉरसचा. १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांनी त्याला सरपटणारा सागरी प्राणी समजून हे नाव दिले. नंतर रिचर्ड ओवेन यांनी दात तपासून तो सस्तन असल्याचे दाखवले, पण नामकरणाच्या नियमांनुसार पहिले नाव कायम राहिले. इजिप्तमधल्या वादी अल-हितान या वाळवंटी दरीत, जी २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्याचे शेकडो सांगाडे उघडे पडले आहेत. १५ मीटरहून लांब असलेल्या या देहाला मागचे पाय होते : मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी, पोटरीची हाडे, घोटा आणि तीन बोटे, सगळे जागच्या जागी, पण आख्खा पाय माणसाच्या हाताहूनही तोकडा आणि कटिबंध कण्यापासून पूर्ण सुटलेला. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाय त्याला उभे करणे शक्यच नव्हते. समागमाच्या वेळी एकमेकांना धरून ठेवण्यास ते उपयोगी पडत असावेत, असा तर्क केला जातो.

पाय न वापरल्यामुळे गळून गेले, हे स्पष्टीकरण पुष्कळांच्या तोंडी असते आणि ते चुकीचे आहे. पोहण्याचे काम शेपटीकडे गेल्यावर लहान पायांची पिल्ले मागे पडेनाशी झाली, उलट बाहेर आलेल्या पायांमुळे पाण्याचा होणारा अडथळा त्यांना कमी सोसावा लागला, आणि अशा पिल्लांची संतती लाखो वर्षांत वाढत गेली.

आजच्या देवमाशात पायांचे काही उरले आहे का?

बहुतेक देवमाशांत कटिबंधाची दोन हाडे स्नायूंमध्ये सुटी असतात आणि बोहेडसारख्या काही जातींत मांडीच्या हाडाचा अवशेषही असतो. ही हाडे निरुपयोगी आहेत असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. प्रत्यक्षात त्यांना जननेंद्रियांचे स्नायू जोडलेले असतात, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या जातींत नरांमध्ये समागमासाठी चढाओढ अधिक, त्यांत ही हाडे शरीराच्या मानाने मोठी असतात. अवशेष असणे आणि उपयोगी असणे यांत विरोध नाही.

डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे अंकुर काही काळ स्पष्ट दिसतात आणि नंतर विरून जातात, कारण पाय वाढवणाऱ्या जनुकांपैकी सॉनिक हेजहॉग हे जनुक तिथे कामाला लागतच नाही. क्वचित ही प्रक्रिया अपुरी राहते. जपानमधल्या ताइजी येथे २००६ मध्ये पकडलेल्या एका डॉल्फिनला मागच्या बाजूला परांची आणखी एक जोडी होती.

माशाची शेपटी डावीउजवीकडे हलते, देवमाशाची वरखाली. असे का?

कारण देवमाशाचा कणा धावणाऱ्या सस्तन प्राण्याकडून आलेला आहे. चौखूर उधळणाऱ्या प्राण्याची पाठ वरखाली वाकते, आणि पोहतानाही त्याच दिशेची हालचाल उपयोगात आली. शेपटीच्या टोकाच्या पसरट पंखात हाड नसते, तो तंतुमय ऊतींचा असतो आणि म्हणून त्याचा जीवाश्म सहसा टिकत नाही. पण पंख जिथे सुरू होतो तिथला मणका गोलसर होतो, आणि असा मणका दिसला की पंख होता असे अनुमान करता येते. बॅसिलोसॉरस आणि त्याचा लहान नातेवाईक डोरुडॉन यांच्यात तो दिसतो.

देवमाशाला मान असते का?

असते. जिराफाप्रमाणे आणि आपल्याप्रमाणे मानेचे मणके सातच, फक्त चकतीसारखे चपटे झालेले. राइट देवमाशांत ते सगळे एकमेकांना चिकटून एकच ठोकळा बनतो, तर बेलुगात ते सुटे असल्यामुळे तो मान वळवू शकतो.

नाकपुड्या डोक्यावर कशा गेल्या?

पाकिसेटसमध्ये त्या तोंडाच्या टोकाशी होत्या, प्रोटोसेटिडांत त्या थोड्या मागे सरकल्या, बॅसिलोसॉरसमध्ये आणखी मागे, आणि आजच्या देवमाशांत त्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या माथ्यावर आहेत. वरच्या जबड्याची हाडे मागे वाढत कपाळाच्या हाडांवर चढली आणि कवटीची हाडे एकमेकांत सरकवल्यासारखी दिसू लागली.

काही देवमाशांना दात नसतात, ते का?

गाळून खाणाऱ्या देवमाशांच्या तोंडात नखाच्याच द्रव्याच्या, म्हणजे केराटिनच्या, लोंबत्या पट्ट्या असतात. मात्र त्यांच्या भ्रूणात दातांचे अंकुर फुटतात आणि जन्माआधीच शोषले जातात. त्यांचे आरंभीचे पूर्वज दातवाले होते, हे ऑस्ट्रेलियातल्या जंजुसेटससारख्या जीवाश्मांवरून पक्के झाले आहे.

वर सांगितलेले प्राणी एकापासून एक असे थेट वंशज आहेत का?

नाहीत, आणि भिंतीवरच्या तक्त्यांत त्यांना एका रांगेत चालताना दाखवतात त्यामुळे हा गैरसमज पसरतो. यांतले काही एकमेकांचे समकालीन होते आणि बरेचसे निर्वंश होऊन संपलेल्या फांद्यांवरचे आहेत. इंडोहायस तर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या देवमाशांहून वयाने लहानच आहे. तो आजोबा नसून चुलत घराण्यातला, जुने रूप टिकवून राहिलेला नातेवाईक आहे. हे जीवाश्म एवढेच सांगतात की कोणती लक्षणे कोणत्या क्रमाने जमा झाली.

महाराष्ट्रात प्राचीन देवमाशांची हाडे सापडू शकतील का?

जमिनीवर जवळजवळ नाही. राज्याचा बहुतांश भाग ज्या काळ्या कातळाने व्यापला आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे पहिल्या देवमाशाच्या दीडेक कोटी वर्षे आधीचा. विदर्भात पिसदुऱ्याजवळ डायनोसॉरची हाडे मिळतात, पण ती त्याहूनही जुनी. योग्य वयाचे सागरी चुनखडक मुंबई हायच्या समुद्रतळाखाली आहेत. तिथे विंधनछिद्रातून जो बारीक नमुना वर येतो त्यात सांगाडा ओळखू येण्याची आशा धरणे व्यर्थ आहे.

कोकण किनाऱ्यावर मोठे हाड सापडले तर ते देवमाशाचे आहे हे कसे ओळखावे?

आजच्या देवमाशांची हाडे आपल्याकडे अधूनमधून किनाऱ्याला लागतात. २०१५ मध्ये रेवदंड्याला मोठा देवमासा आला होता आणि २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू. मणक्याचा मुख्य भाग जाड गोल ठोकळ्यासारखा, बाजूंना लांब पसरट फाटे आणि तुटलेल्या जागी आतून सच्छिद्र, तेलकट वासाचे हाड ही मुख्य लक्षणे. कोवळ्या प्राण्याच्या मणक्यांची दोन्ही टोके जुळलेली नसल्याने त्यांच्या चपट्या गोल चकत्या सुट्या होऊन वाळूत मिळतात, आणि त्या कुठल्याशा वेगळ्याच प्राण्याच्या असाव्यात असा समज होतो.

असे हाड घरी नेऊ नये. देवमासे आणि डॉल्फिन यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे आणि त्यांचे अवयव बाळगणे हाही गुन्हा ठरतो. ठिकाण, तारीख आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र एवढे घेऊन जवळच्या वन कार्यालयाला कळवावे. जात ठरवण्यासाठी कवटी किंवा कानाचे हाड असेल तर त्याचे छायाचित्र अवश्य द्यावे, कारण एकट्या मणक्यावरून जात क्वचितच ठरते.